बॅनकबर्नचा उतार

रमण रांगेत उभा होता. सकाळच्या वेळी ऑकलंडमधल्या आमच्या हिल्सबरोच्या फार्मसीत म्हाताऱ्या माणसांची गर्दी असते. कोणाला रक्तदाबाच्या गोळ्या हव्या असतात, कोणाला नुसतं बोलायचं असतं. मी गोळ्यांची आठवड्याची पाकिटं तपासत होते, सहज मान वर केली, तर काठी टेकून उभ्या असलेल्या एका आजोबांच्या मागे, सनस्क्रीनच्या मांडणीला खेटून, माझा नवरा. ऑफिसचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात माझं राखाडी जॅकेट. या दुकानात मी इतकी वर्षं काम करते, पण रमण कधी आत आलेला नाही. न्यायला आला तरी गाडीतच बसून राहतो, हॉर्नसुद्धा वाजवत नाही, मेसेज करतो. आज तो आत आला होता आणि शहाण्या मुलासारखा रांगेत उभा राहिला होता. पुढच्या बाई इनहेलर कसा ओढायचा ते पुन्हा विचारत होत्या, मी त्यांना पुन्हा दाखवत होते. रांग मोडून पुढे यायचं त्याला सुचलं नसेल असं नाही. त्याला ती माणसं आमच्या मध्ये हवी होती, एवढं मला तेव्हाही कळलं. आजोबांचं काम झालं, 'हॅव अ गुड वन, डिअर' म्हणून ते गेले. मग रमण पुढे आला, दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, "मृदुला, इराला जरा लागलंय. सायकलवरून पडली. घाबरण्यासारखं काही नाही. आपण जाऊन येऊ."

ही वाक्यं मला पाठ होती. इरा प्रायमरीत असताना एका शनिवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा हाच माणूस मागच्या दारात येऊन, याच आवाजात म्हणाला होता, "पुण्याहून फोन होता. बाबांना जरा बरं नाहीये, अ‍ॅडमिट केलंय. घाबरण्यासारखं काही नाही. आपण जाऊन येऊ." आणि मी मूर्खासारखी घाबरले नव्हते. सिंगापूरला विमान बदलताना बाबांसाठी मी मऊ सपाता घेतल्या होत्या, हॉस्पिटलच्या गार फरशीवर चालायला. कोणत्या रंगाच्या घ्याव्यात म्हणून रमणला विचारलं होतं आणि त्याने 'निळ्या घे' म्हणून सांगितलं होतं. विमानातलं जेवण मी सगळं जेवले, वर त्याच्या ताटातला गुलाबजामही खाल्ला. पुण्याला न्यायला आलेल्या ड्रायव्हरने गाणी लावली नव्हती. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि गाडी आत शिरताच त्या खुर्च्यांवरची सगळी माणसं एकदम उठून उभी राहिली. ते उभं राहणं मी अजून विसरलेली नाही. ऑकलंडहून आम्ही निघालो तेव्हाच बाबांना जाऊन अर्धा दिवस झाला होता. आईला माहीत होतं, भावाला माहीत होतं, रमणला माहीत होतं, त्या ड्रायव्हरलासुद्धा माहीत होतं. 'तुला प्रवासात त्रास नको म्हणून,' आई म्हणाली. आपल्याकडे असंच करतात, सगळे म्हणाले. करतात, हे खरं आहे. परदेशातल्या लेकीला कोणी 'गेले' म्हणून सांगत नाही. 'सीरियस आहेत, ये' असंच सांगतात. पण मला सगळ्यांत जास्त राग आला तो त्या 'निळ्या घे'चा. परत येताना मी रमणकडून वचन घेतलं, की पुन्हा असं कधी करायचं नाही, जे असेल ते सांगायचं. तो 'बरं' म्हणाला होता. रमण फार बोलत नाही, पण 'बरं' म्हटलं की पाळतो, असा माझा समज होता.

"कुठे लागलंय?" मी गाडीत विचारलं. "खांद्याला," तो म्हणाला. "तिला फोन लाव." "औषध दिलंय दुखण्याचं, झोपलीये. हॉस्पिटलातून मला नर्सचाच फोन आला." "आणि क्षितिज?" ती दोघं बरोबरच निघाली होती. पुढे सिग्नल हिरवा होता तरी रमणने गाडी हळू केली. "त्यालाही लागलंय. दोघं तिथेच आहेत, क्वीन्सटाउनला. निशिगंधाला मी सांगितलंय, शेजारी सोडतायत तिला एअरपोर्टवर. विवेक भारतात गेलाय ना." निशिगंधा आणि विवेक म्हणजे क्षितिजचे आई-वडील. हे सगळं त्याने रस्त्याकडे बघत सांगितलं. मागच्या सीटवर माझे चालायचे बूट होते. मी कामाला सॅंडल घालून जाते आणि तिकडे गार असतं, म्हणून त्याने घरी जाऊन बूट आणले होते. छोटी बॅगही भरली होती. ती मी उघडून पाहिली. थायरॉइडच्या गोळ्या, चष्मा, टूथब्रश, आणि दोन सुती कुडते, दोन्ही फिके. माझे बहुतेक कपडे भडक आहेत, यावरून रमण मला नेहमी चिडवतो. कपाटातून शोधून हे दोनच काढायला त्याला वेळ लागला असणार. खांद्याला लागलेल्या मुलीला भेटायला जाताना फिके कपडे कोण शोधतं? मी बॅगेची चेन लावली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं, आणि उत्तर मिळेपर्यंत इरा होती. एवढा हिशोब मला त्या गाडीत सुचला, आणि तो सुचल्यावर मी ओठ घट्ट मिटून घेतले.

ज्या रस्त्यावर ती पडली, तो मला माहीत आहे. हेच वाईट झालं. नकाशावरची एखादी रेघ असती तर मला तिथलं काही दिसलं नसतं. चाळिशी ओलांडल्यावर रमणला सायकलचं वेड लागलं, आणि तेही शहरातल्या सायकलचं नाही. बॅगा लावून, तंबू बांधून, दक्षिणेकडच्या उंच डोंगरांतून दिवसच्या दिवस जायचं. आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा नकाशे जास्त असायचे. कुठला चढ कुठून सोपा, कुठल्या खिंडीत दुपारनंतर वारा उलटतो, कुठे ओढ्याचं पाणी रस्त्यावरून जातं आणि सायकल उचलून न्यावी लागते, हे तो मला भाजी वाढताना सांगायचा. नेव्हिसचा रस्ता त्याचा सगळ्यांत लाडका. एका उन्हाळ्यात मी गाडी घेऊन त्याच्या मागे-मागे गेले होते. गार्स्टनकडून चढ, मग ते लांबच लांब खोरं, जिथे घर नाही, झाड नाही, फोनला रेंज नाही. नुसतं पिवळं गवत आणि रस्त्याच्या कडेला बर्फासाठी रोवलेले खांब. आणि शेवटी वरच्या खिंडीतून खाली बॅनकबर्नपर्यंतचा तो उतार. खिंडीत गाडीचं दार मी उघडलं तर वाऱ्याने ते हातातून हिसकावून घेतलं. खाली बघितलं तेव्हा रस्ता वळणं घेत-घेत जात होता आणि बाहेरच्या बाजूला काहीच नव्हतं. कठडा नाही, दगडांची ओळसुद्धा नाही. रमण हेल्मेट घट्ट करत हसला होता आणि म्हणाला होता, "आता फक्त बसायचं. आता सगळं फुकट." मी त्याला तेव्हा शिव्या दिल्या होत्या. नंतर इराला आणि क्षितिजला त्यानेच तयार केलं. दोघं लहानपणापासून मराठी शाळेतले, शनिवारी कंटाळून शेजारी-शेजारी बसलेले. रमण त्यांना पहाटे माउंट रॉस्किलच्या टेकडीवर चढवायचा, सामान म्हणून बॅगेत तांदळाची पिशवी घालायचा. या फेब्रुवारीत त्या दोघांनी एकट्याने जायचं ठरवलं तेव्हा मी विरोध केला. रमणने नकाशा काढला, बोटाने रस्ता दाखवला, म्हणाला, "सगळा मी केलेला आहे. वारा पाठीला लागेल असं आखून दिलंय. काळजी करू नकोस." इरा म्हणाली, "चिल, आई. इट्स अ रोड. पीपल लिटरली ड्राइव्ह ऑन इट."

एअरपोर्टवर निशिगंधा आमच्या आधीच येऊन थांबली होती. टाकानिनीच्या बालवाडीतून ती तशीच निघाली होती. टी-शर्टच्या बाहीवर पोरांचा निळा रंग वाळलेला होता. आणि काखेत उशी. "क्षितिजची," ती म्हणाली. "त्याला दुसरी उशी चालत नाही गं, मान धरते. हॉस्पिटलातल्या उशा म्हणजे विटाच." ती माझ्या गळ्यात पडली तेव्हा आमच्या मध्ये ती उशी होती. "पडायचेच होते एक दिवस," ती म्हणाली, "मी विवेकला म्हटलंच होतं. फोन घेत नाहीये तो मघापासून. आईंचं ऑपरेशन आहे ना, हॉस्पिटलात असेल." मी रमणकडे पाहिलं. तो बोर्डिंग पास बघत होता. निशिगंधाच्या फोनची बॅटरी संपत आली होती. "रमण, चार्जर आहे का रे तुझ्याकडे?" "नाही गं, घाईत राहिला," रमण म्हणाला. त्याची पॉवर बॅंक बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होती. मी मघाशीच ती पाहिली होती, चेन लावताना माझ्या बोटांना लागली होती. तो खोटं बोलला. आता माझी खात्री पटली. त्याला फोन चालू नको होते. कोणीतरी आम्हांला काहीतरी सांगेल अशी त्याला भीती होती. आणि निशिगंधाला सोबत का घेतलंय तेही मला उमगलं, किंवा तसं वाटलं. मला धरायला एक बाईमाणूस हवं होतं. पुण्याला पार्किंगमध्ये मावशीने धरलं होतं, इथे मावशी कुठून आणणार?

विमानात निशिगंधा मधल्या सीटवर बसली. उशी तिने पायांत ठेवली नाही, मांडीवर घेतली. विमान वर गेलं, ढग आले, आणि ती बोलायला लागली. भीती वाटली की ती बोलते, हे मला माहीत आहे. आम्ही इतकी वर्षं एकमेकींच्या गणपतीला मोदक वळलेत. "खरं सांगू?" ती म्हणाली, "मला तर वाटतं या दोघांचं काहीतरी आहे. तू विचारलंस कधी इराला?" "नाही." "मी विचारलं क्षितिजला. म्हणाला, आई, डोन्ट बी वीअर्ड. म्हणजे आहे. नसतं तर हसला असता." मी हसले. माझा चेहरा हसला, असं म्हणू या. तिचा मुलगा जिवंत होता म्हणून तिला हे सगळं बोलता येत होतं, आणि मला तिचा असा राग आला की मी खिडकीकडे तोंड केलं. काय करायचं होतं मला तिच्या लग्नाच्या गप्पांचं? माझ्या डोळ्यांपुढे इराची हेल्मेटखालची वेणी होती, ती कापावी म्हणून तिच्या मागे लागलेली मी होते, आणि जायच्या आदल्या दिवशी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊ की नको, तिकडे तळी आहेत, असं ती विचारत होती आणि मी फोनवर बोलत असल्यामुळे हात हलवून तिला 'थांब' म्हणाले होते. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. मी औषधांची माणूस, म्हणून डोकं तशाही अवस्थेत आपलं काम करत होतं: फार लागलं असतं तर हेलिकॉप्टरने सरळ डनेडिनच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं असतं. क्वीन्सटाउनच्या लहान हॉस्पिटलात ठेवतात ते दोघांनाच. ज्याला विशेष काही झालेलं नाही त्याला, आणि ज्याला कुठे न्यायची गरज उरलेली नाही त्याला. एअर होस्टेस बिस्किट हवं की चिप्स, विचारत आली. निशिगंधाने बिस्किट घेतलं आणि न फोडता पर्समध्ये टाकलं. "क्षितिजला आवडतात ही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू खाऊन घे गं. तिकडे पोचल्यावर काय धावपळ होते सांगता येत नाही." तिने चिप्सचं पाकीट फोडून माझ्या हातात दिलं. आणि रमण, तिच्या पलीकडे बसलेला रमण, खूप वेळाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहून म्हणाला, "खा." मला त्याचा गळा दाबावासा वाटला. मी चिप्स खाल्ले. एक-एक करून सगळे खाल्ले, कारण थांबले असते तर ओरडले असते.

क्वीन्सटाउनला विमान डोंगरांच्या मधून उतरतं. खिडकीच्या दोन्ही बाजूंना तपकिरी सुळके येतात आणि पंख त्यांना लागेल असं वाटतं. एका धारेवरून जाणारा मातीचा रस्ता दिसला, दोऱ्याएवढा, आणि त्यावर काहीतरी हलत होतं, गाडी असेल. ते नेव्हिस नव्हतं, नेव्हिस तिथून दिसत नाही. तरी मी बघत राहिले. मला धक्का बसला होता हे मला माहीत होतं, पण अजून कोणी मला काही सांगितलेलंच नव्हतं, आणि न सांगितलेल्या गोष्टीचा धक्का कुठे ठेवायचा ते मला कळत नव्हतं. रडायचीही सोय नव्हती. खाली उतरल्यावर थंड, कोरडी, स्वच्छ हवा लागली. लोक सायकली सोडवून घेत होते, एक तरुण मुलगी वाकून हॅंडल बसवत होती, तिच्या पाठीकडे बघत मी वाटेतच थांबले आणि निशिगंधाने मला धरलं. "अगं, काय तू! खांदाच आहे ना? महिन्याभरात पुन्हा उंडारेल बघ." हॉस्पिटल पलीकडेच आहे, टॅक्सीत बसलो न बसलो तोच उतरलो. आत स्वागताला बसलेल्या बाई 'किआ ओरा' म्हणाल्या. रमणने खाली वाकून त्यांना हळू काहीतरी सांगितलं, त्यांनी आमच्या दोघींकडे पाहिलं, आधी एकीकडे, मग दुसरीकडे, आणि त्यांचा चेहरा बदलला. मी ते पाहिलं. मग रमण निशिगंधाला म्हणाला, "तू इथे बस जरा. आत एकेकालाच सोडतात. आधी मृदुला जाईल." तो मला म्हणाला, "जा." "तू?" "मी हिच्यापाशी थांबतो." नर्सच्या मागून चालताना मला वाटलं, निदान शेवटी तरी त्याने यायला हवं होतं. कॉरिडॉर लहान होता. टोकाला एक निळा पडदा होता. मी मनात म्हटलं, पाय झाकलेले असतील तर पाय बघायचे, एकदम तोंड बघायचं नाही. नर्सने पडदा सारला.

"आई," इरा म्हणाली.

ती बसलेली होती. हात गळ्यात बांधलेला, गालावर खरचटलेलं, केसांत गवताच्या काड्या, पुढ्यात अर्धवट खाल्लेला टोस्ट. मी तिच्या दंडाला हात लावला, तो गरम होता. कपाळाला लावला. तिची वेणी हातात घेतली. आनंद झाला. मी इतर कोणताही शब्द वापरणार नाही. भलता, आडमुठा आनंद झाला, इतका की मी तिथे उभ्या-उभ्या हसले, तोंडावर हात ठेवून हसले, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं ते मला थांबवता येईना. रमण खरं बोलला होता! खांदाच होता! आणि मी त्या बिचाऱ्या माणसाचा गळा दाबायला निघाले होते. "कॉलरबोन," मी म्हटलं, "नुसती कॉलरबोन ना गं?" इरा माझ्याकडे टक लावून बघत होती. "आय वेंट डाउन टु हिम," ती म्हणाली. "दॅट्स हाउ आय डिड इट. मी खाली उतरत होते अँड आय स्लिप्ड. ही वॉज सो फार डाउन, आई. विंड मागून आला. ही वॉज इन फ्रंट अँड ही जस्ट डिडन्ट टर्न." मी तिची वेणी धरूनच होते. "ही वॉज टॉकिंग टु मी. बाइक ठीक आहे का, विचारत होता. आय सेड इट्स स्वीट अ‍ॅज, एकदम ठीक आहे. मी रेस्क्यू बीकनचं बटण दाबलं, मी त्याला सांगत होते दे आर कमिंग. अँड देन ही वॉझन्ट टॉकिंग." मग ती म्हणाली, "निशिगंधा मावशी आलीये? डझ शी नो? बाबा फोनवर म्हणाला, मी सांगतो तिला." मी हो म्हटलं की नाही म्हटलं, मला आठवत नाही. माझं हसणं अजून तोंडावर तसंच होतं आणि ते काढायचं कसं ते मला समजत नव्हतं. सकाळपासून मी ओळखलेलं सगळं बरोबर होतं. फिके कुडते, पॉवर बॅंक, रांगेतला रमण. फक्त मूल चुकलं होतं.

रमण कॉरिडॉरच्या तोंडाशी उभा होता. मी त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला भिंतीकडे ओढलं. "तुला कधी कळलं?" "सकाळीच. पोलिसांनी विवेकला फोन केला, संपर्कासाठी त्याचाच नंबर होता. त्याने मला केला. मृदुला, तो फोनवर रडतसुद्धा नव्हता. म्हणाला, तिला सांगू नकोस, ती एकटी आहे, विमानात तिला काही झालं तर मी काय करू. मी निघतोय, मी येईपर्यंत सांगू नकोस. शपथ घातली त्याने." "तो उद्या संध्याकाळी येणार! तोपर्यंत तू काय सांगणार आहेस तिला?" रमण हळू आवाजात सांगू लागला, की आधी म्हणायचं तपासण्या चालल्यात, मग म्हणायचं आयसीयूत आहे, भेटू देत नाहीत, मग रात्री झोपेची गोळी, ती तुला मागता येईल डॉक्टरांकडे. त्याने टप्पे पाडले होते. नेहमी पाडतो तसे, पहिला मुक्काम इथे, दुसरा तिथे, चढ कुठून सोपा पडेल ते बघून. "आणि मला? मलाही नाही सांगितलंस." "तुझ्या तोंडावर दिसलं असतं," तो म्हणाला. "तुला मी इराचं खरं सांगितलं. अगदी खरं सांगितलं होतं." मग तो भिंतीला टेकला. "वारा पाठीला लागेल म्हणून मी त्यांना त्या बाजूने पाठवलं. उलटीकडून गेली असती तर तो उतार चढ झाला असता. चालत नेली असती सायकल. मीच आखून दिलं ना." त्याला जवळ घ्यायला हवं होतं. त्याचं दुःख मला दिसत होतं, दयाही येत होती, पण निशिगंधा तिकडे बसलेली होती आणि एकेक मिनिट तिच्यापासून चोरलेलं होतं. मला ती चोरी माहीत होती. मी त्याची बाही सोडली आणि गेले. "मृदुला," तो मागून म्हणाला, "शपथ आहे त्याची." असू दे म्हटलं.

निशिगंधा खिडकीजवळ बसली होती. बाहेर डोंगरांवर दुपारचं ऊन होतं. उशीचा अभ्रा तिने काढून उलटा करून पुन्हा चढवला होता आणि कोपरे ओढून नीट करत होती. मला बघून उठली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं, मला माहीत नाही. ओला तर होताच. मी तिला बसवलं, समोर खाली, गुडघ्यांवर बसले आणि म्हटलं, "निशिगंधा, क्षितिज आता नाहीये. सकाळीच. तिथेच, रस्त्यावर." मी हे असंच म्हटलं. मला कोणी इतक्या सरळ सांगितलं असतं तर मी आयुष्यभर त्याचे आभार मानले असते, असं मला नेहमी वाटत आलं होतं. उशीचा एक कोपरा अजून दुमडलेला होता, तो तिने बोट आत घालून सरळ केला. "रमणला माहीत होतं?" "हो." "विवेकला?" "हो." "मग तो फोन का घेत नव्हता..." ती म्हणाली आणि थांबली. मग तिचा श्वास आत गेला तो बाहेर येईना. मी तिचे खांदे धरून हलवलं. श्वास आला, आणि त्याबरोबर असा एक आवाज आला की स्वागताच्या बाई उभ्या राहिल्या. मी तिला धरून ठेवलं. बालवाडीच्या रंगाचा वास येत होता तिला. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग तिने माझ्या खांद्यावरून तोंड वर केलं, माझ्या ओल्या गालांकडे, सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि तिचे डोळे एकदम मोठे झाले. त्या तसल्या क्षणी त्या बाईला माझ्यासाठी भीती वाटली. "आणि इरा?" ती म्हणाली. "मृदुला, इरा?"

सांगायला अवघड काय होतं? ती आत बसून टोस्ट खात होती. खांदाच होता. चार शब्दांचं काम. खरं बोलण्यासाठी मी नवऱ्याशी वर्षानुवर्षं भांडले होते, आत्ता त्याची बाही सोडून आले होते. मी तोंड उघडलं, आणि त्या चेहऱ्यासमोर 'बरी आहे' हे मला म्हणता येईना. "शुद्ध नाहीये तिला," मी म्हटलं. "काही सांगता येत नाही म्हणतात." पोटच्या पोरीबद्दल, जिवंत पोरीबद्दल, मी हे बोलले. बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. हे शब्द आता परत कसे घ्यायचे, कोणाकडून घ्यायचे, ते तिला लागले तर, या भीतीने मी पार गारठून गेले. निशिगंधाने उशी बाजूच्या खुर्चीवर ठेवली. तिने माझं डोकं आपल्या छातीशी ओढून घेतलं, रंग लागलेल्या हाताने माझ्या केसांवरून हात फिरवायला लागली. "होईल गं ती," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "रडू नकोस. लहान आहे, ताकद आहे तिच्यात. होईल बघ." ती मला थोपटत राहिली आणि मी तिला थोपटू दिलं.